नसबंदीनंतर पुन्हा मूल हवे असेल, तर आधी तपासणी दोघांची

नसबंदीनंतर पुन्हा अपत्याचा विचार करणारे जोडपे सल्ल्याला येते, तेव्हा पुरुषाच्या हातात बहुधा प्लॅस्टिकची पिशवी असते आणि पिशवीत शिबिरात मिळालेले, घड्यांवर विरलेले प्रमाणपत्र असते. तो ते उलगडून टेबलावर ठेवतो, तारखेवर बोट टेकवतो आणि विचारतो, "चौदा वर्षं झाली. आता नस जोडता येईल का?" या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा होकारार्थी असते. पण ते देण्याआधी शेजारच्या खुर्चीत गप्प बसलेल्या बाईंना विचारावे लागते, "ताई, तुमचं वय काय?" बाई पदर सावरत "अडतीस पूर्ण" म्हणतात आणि सल्ल्याची दिशा तिथेच बदलते. समुपदेशनाच्या कामात हा प्रसंग मी इतक्या वेळा पाहिला आहे, की या लेखाची मांडणीही त्याच क्रमाने करणे मला योग्य वाटते. नसबंदीला किती वर्षे झाली हा प्रश्न महत्त्वाचा आहे, परंतु तो दुसरा प्रश्न आहे. पत्नीचे वय आणि तिच्या अंडाशयात शिल्लक असलेला स्त्रीबीजांचा साठा हा पहिला.

अशी जोडपी कोणत्या परिस्थितीतून येतात, हेही सांगायला हवे. बहुतेकांच्या बाबतीत पुरुषाचा दुसरा विवाह झालेला असतो. पहिली पत्नी वारलेली किंवा विभक्त झालेली असते, त्याला दोन मुले असतात आणि नव्या पत्नीला मात्र एकही अपत्य झालेले नसते. काही जोडप्यांनी मूल गमावलेले असते. त्यांच्याशी टक्केवारीच्या भाषेत बोलणे जड जाते, पण आकडे त्यांच्यापासून लपवून चालत नाही. थोडी जोडपी अशीही असतात, ज्यांचे केवळ मत बदललेले असते, आणि त्यांनी त्याबद्दल ओशाळण्याचे काहीही कारण नाही.

शरीरात नेमके काय झालेले असते

नसबंदीत दोन्ही बाजूंच्या शुक्रवाहिन्या, म्हणजे वृषणांकडून शुक्राणू पुढे नेणाऱ्या नळ्या (बोलण्यात 'नस' म्हणतो त्या), कापून त्यांची टोके बांधली जातात. वृषणांचे काम थांबत नाही. शुक्राणू तयार होतच राहतात, पुढे जायला वाट नसल्यामुळे ते शरीरातच विरघळून शोषले जातात. वीर्याचा बहुतांश द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथी यांतून येतो आणि वृषणांकडून येणारा भाग त्यात फार थोडा असतो, त्यामुळे नसबंदीनंतर वीर्याचे प्रमाण पाहून कोणालाच फरक जाणवत नाही. याचा अर्थ असा, की दहा-पंधरा वर्षांनंतरही बहुतेक पुरुषांच्या वृषणात शुक्राणू असतात. "माझ्यात आता काही उरलं नसेल" ही भीती घेऊन येणाऱ्या माणसाला ही पहिली गोष्ट सांगितली, की त्याचे खांदे थोडे सैल होतात.

मग वर्षांचा हिशेब कशासाठी? शुक्रवाहिनी बंद झाल्यावर मागच्या बाजूला दाब वाढत जातो. वृषणाला लागून अधिवृषण नावाची अतिशय बारीक, वेटोळी नलिका असते. वर्षानुवर्षांच्या दाबाने ती एखाद्या ठिकाणी फुटते, तिथे व्रण धरतो आणि दुसरा अडथळा तयार होतो. पहिला अडथळा शल्यचिकित्सकाने मुद्दाम केलेला असतो आणि कुठे आहे ते ठाऊक असते. दुसरा आपोआप झालेला असतो आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाईपर्यंत त्याचा नक्की पत्ता लागत नाही. जितकी वर्षे अधिक, तितकी या दुसऱ्या अडथळ्याची शक्यता अधिक. याशिवाय अनेक पुरुषांच्या शरीरात स्वतःच्याच शुक्राणूंविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होतात. त्यामुळे गर्भधारणा लांबू शकते, तथापि केवळ प्रतिपिंडे आहेत म्हणून नस जोडू नये, असे सहसा कोणी सांगत नाही.

औषधाने, काढ्याने, भस्माने किंवा मालिशीच्या तेलाने कापलेली शुक्रवाहिनी जुळत नाही. या एका वाक्यावर अधिक लिहिण्याची गरज नसावी. तरीही सल्ल्याला येण्याआधी वर्षभर असे उपचार करून आलेली जोडपी भेटतात, आणि त्यांचे पैसे गेले याहून पत्नीचे एक वर्ष गेले याचे वाईट वाटते.

कोणत्या तपासण्या, कोणत्या क्रमाने

पुरुषाची पहिली तपासणी वीर्याचीच करावी, जरी त्यात शुक्राणू नसणार हे गृहीत असले तरी. नसबंदीनंतर शुक्रवाहिनी आपोआप पुन्हा उघडण्याचे प्रमाण फार कमी, साधारण दोन हजारांत एक असे धरले जाते, पण शस्त्रक्रिया ठरवण्याआधी एवढे तरी पाहून घेणे स्वस्त पडते. प्रयोगशाळेत नमुना देताना नसबंदी झालेली आहे हे स्पष्ट सांगावे आणि नमुना यंत्रात फिरवून तळाचा साका सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची विनंती करावी. त्यानंतर मूत्रविकारतज्ज्ञाकडून, शक्यतो पुरुष वंध्यत्वाचे काम नियमित करणाऱ्याकडून, प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. तो वृषणांचा आकार पाहतो, शुक्रवाहिनी कुठे कापली आहे आणि वृषणाकडच्या बाजूला तिचा किती तुकडा शिल्लक आहे याचा बोटांनी अंदाज घेतो. हा तुकडा लांब असेल तर ते चांगले लक्षण मानतात. कापलेल्या टोकाशी वाटाण्याएवढी गाठ लागली तर रुग्ण घाबरतो, प्रत्यक्षात ती बहुधा शुक्राणू झिरपून झालेली असते आणि तिच्यामुळे मागचा दाब कमी राहिलेला असल्याने तीही अनुकूलच ठरते. हर्निया किंवा हायड्रोसिलची शस्त्रक्रिया पूर्वी झालेली असल्यास न विचारता सांगावी, कारण जांघेतल्या शस्त्रक्रियेत शुक्रवाहिनीला इजा झालेली असू शकते आणि मग जोडायची जागा एक राहत नाही. रक्तातील एफएसएच आणि टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकांच्या चाचण्या गरजेनुसार सांगितल्या जातात. एफएसएच बरेच वाढलेले असेल तर वृषणातील निर्मितीच मंदावली आहे का, हा प्रश्न उभा राहतो.

इथे एक इशारा देणे आवश्यक आहे. थकवा जातो, तारुण्य टिकते असे ऐकून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणारे चाळिशी-पन्नाशीचे पुरुष आता दुर्मीळ राहिलेले नाहीत. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन वृषणातील शुक्राणूंची निर्मिती दाबून टाकते, काही जणांत ती जवळजवळ बंद होते. मूल हवे असेल तर ही इंजेक्शने डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवावी लागतात आणि निर्मिती पूर्ववत व्हायला काही महिने, कधी त्याहून अधिक काळ द्यावा लागतो. व्यायामशाळेत मिळणारी पावडर किंवा इंजेक्शन घेत असल्यास तेही लाजेखातर लपवू नये. तंबाखू, गुटखा आणि बिडी यांचे नुकसान वेगळे सांगायला नको.

पत्नीच्या तपासण्या पतीच्या तपासण्यांची वाट पाहत थांबवू नयेत, दोन्ही एकाच महिन्यात व्हाव्यात. रक्तातील एएमएच या संप्रेरकाची चाचणी आणि पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसांतील सोनोग्राफी, ज्यात अंडाशयातील लहान पुटिका, म्हणजे स्त्रीबीजे वाढतात त्या पिशव्या, मोजतात, या दोन्हींवरून स्त्रीबीजांच्या साठ्याचा अंदाज येतो. गर्भनलिका मोकळ्या आहेत की नाही हे रंगद्रव्य सोडून काढलेल्या एक्स-रेवरून कळते. थायरॉईड, रक्तशर्करा आणि हिमोग्लोबिन याच वेळी पाहून घ्यावे. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हे गर्भनलिका बंद होण्याचे एक मोठे कारण आहे आणि तो बाहेरून काहीही लक्षण न दाखवता वर्षानुवर्षे राहू शकतो. म्हणून घरात कोणाला क्षयरोग झालेला असेल, तर तेही सांगावे. नलिका दोन्ही बाजूंनी बंद निघाल्या, तर पतीची नस जोडण्याची शस्त्रक्रिया कितीही उत्तम झाली तरी नैसर्गिक गर्भधारणा होणार नाही. अशी शस्त्रक्रिया करून झाल्यावर पत्नीचा एक्स-रे काढलेली जोडपी मी पाहिली आहेत.

नस जोडावी की थेट इक्सी करावे

मार्ग मुख्यतः दोन. एक म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली शुक्रवाहिनी पुन्हा जोडून नैसर्गिक गर्भधारणेची वाट पाहणे. दुसरा म्हणजे वृषणातून किंवा अधिवृषणातून सुईने शुक्राणू काढून, पत्नीची स्त्रीबीजे काढून, प्रयोगशाळेत इक्सी पद्धतीने, म्हणजे स्त्रीबीजात सुईने थेट शुक्राणू सोडून, गर्भ तयार करणे.

नस जोडण्याच्या यशाबद्दल सर्वाधिक उद्धृत होणारे आकडे अमेरिकेतील व्हॅसोव्हॅसॉस्टॉमी स्टडी ग्रुपने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १,४६९ पुरुषांच्या पाहणीतील आहेत. नसबंदीला ३ वर्षांहून कमी काळ झालेल्या पुरुषांपैकी ९७ टक्क्यांच्या वीर्यात शुक्राणू परतले आणि ७६ टक्के जोडप्यांत गर्भधारणा झाली. ३ ते ८ वर्षांच्या गटात हे प्रमाण ८८ आणि ५३ टक्के होते, ९ ते १४ वर्षांत ७९ आणि ४४, तर १५ वर्षे व त्यापुढे ७१ आणि ३० टक्के. हे आकडे नीट पाहिले, की एक गोष्ट लक्षात येते. पंधरा वर्षांनंतरही दहापैकी सात जणांच्या वीर्यात शुक्राणू आले, मात्र गर्भधारणा तीनच जोडप्यांत झाली. नस उघडणे आणि मूल होणे यांतले हे अंतर शुक्राणूंच्या दर्जामुळे पडते तसेच पत्नीच्या वयामुळेही पडते, कारण दीर्घ काळानंतर येणाऱ्या जोडप्यांत स्त्रीचे वयही पुढे गेलेले असते. नसबंदीपूर्वी ज्या पत्नीपासून अपत्ये झाली तिच्याचसोबत पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांचे निकाल तुलनेने चांगले असतात, तेही याच कारणाने. त्या जोडप्याची क्षमता आधी सिद्ध झालेली असते.

माझे मत विचाराल तर ते असे. पत्नी पस्तिशीच्या आतली आहे, तिच्या नलिका मोकळ्या आहेत, साठा चांगला आहे आणि जोडप्याला कदाचित एकाहून अधिक मुले हवी आहेत, तर नसबंदीला दहा-बारा वर्षे झालेली असली तरी नस जोडण्याचा विचार आधी करावा. एकदा यश आले की दर महिना हा प्रयत्नाचा महिना असतो आणि पत्नीला एकही इंजेक्शन घ्यावे लागत नाही. तिचे वय अडतीसच्या पुढे असेल, एएमएच घसरलेले असेल किंवा नलिकांत दोष असेल, तर शस्त्रक्रियेनंतर वाट पाहण्यात जाणारे वर्ष-दीड वर्ष तिला परवडणारे नसते आणि इक्सीकडे थेट जाणे शहाणपणाचे ठरते. पस्तीस ते अडतीस हा पट्टा सर्वांत कठीण. तिथे एएमएचचा आकडा, नसबंदीचे वर्ष, जवळ असलेले पैसे आणि किती मुले हवीत, हे सगळे एकाच कागदावर मांडून, मूत्रविकारतज्ज्ञ आणि वंध्यत्वतज्ज्ञ अशा दोघांचेही मत घेऊन ठरवावे. एकाच दुकानात गेलात तर तिथे जो माल आहे तोच मिळेल, हे वैद्यकशास्त्रातही काही अंशी खरे आहे.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर

शुक्रवाहिनी बोटांत धरली तर कोरड्या जाड शेवईसारखी लागते. बाहेरून ती दोन-तीन मिलिमीटर जाड असते, पण तिच्या आतील पोकळी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. व्रण झालेला भाग कापून काढल्यावर वृषणाकडच्या टोकातून द्रवाचा एक थेंब बाहेर येतो. शल्यचिकित्सक तो काचपट्टीवर घेतो, शेजारच्या सूक्ष्मदर्शकाखाली धरतो आणि त्या मिनिटात पुढची सगळी शस्त्रक्रिया ठरते. थेंब पातळ, पाण्यासारखा आहे आणि त्यात शुक्राणू किंवा त्यांचे तुकडे दिसत आहेत, तर दोन टोके एकमेकांना जोडली जातात. थेंब मलमासारखा दाट आहे आणि त्यात काहीच दिसत नाही, तर मागे अधिवृषणात दुसरा अडथळा आहे, असे समजून शुक्रवाहिनी थेट अधिवृषणाच्या नलिकेला जोडावी लागते. ही दुसरी जोडणी पहिलीपेक्षा कितीतरी नाजूक असते, तिचे यश कमी असते आणि ती सर्वांना जमत नाही. टाके केसापेक्षाही बारीक नायलॉनचे असतात, ते सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतसुद्धा नाहीत. दोन्ही बाजू मिळून तीन-चार तास सहज जातात.

म्हणून शल्यचिकित्सकाला भेटल्यावर विचारायचे प्रश्न हेच. शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली करता की साध्या भिंगाने? थेंब टेबलावरच तपासता का? अधिवृषणाला जोडावे लागले तर ते तुम्हीच कराल का? वर्षात अशा किती शस्त्रक्रिया करता? त्याच वेळी शुक्राणू मिळाले तर ते गोठवून ठेवण्याची सोय आहे का? गोठवून ठेवलेले शुक्राणू ही चांगली तजवीज असते, कारण जोडणी अपयशी ठरल्यास इक्सीसाठी पुन्हा सुई टोचावी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशात ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांनी स्वतः कुटुंब नियोजनाची शस्त्रक्रिया केलेली आहे, तर ज्यांच्या पतीची नसबंदी झाली आहे अशा स्त्रिया ०.३ टक्के आहेत. नसबंदीच इतकी कमी, तेव्हा ती उलटवण्याचा सराव असलेले हात त्याहून कमी असणार, हे उघड आहे. अशा शल्यचिकित्सकासाठी जिल्ह्याबाहेर जावे लागले तर जावे.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. काही आठवडे घट्ट लंगोट किंवा आधार देणारी चड्डी वापरावी लागते, तीन ते चार आठवडे शरीरसंबंध आणि जड उचलणे टाळावे लागते. मोटारसायकलवरून खड्ड्यांच्या रस्त्याने कामावर जाणाऱ्याने तेवढे दिवस एसटी किंवा रिक्षा धरावी. सूज आणि निळसरपणा आठवड्याभरात ओसरतो, पण ताप आला, सूज वाढत गेली किंवा जखमेतून पू आला तर लगेच दाखवावे. पहिली वीर्यतपासणी साधारण सहा आठवड्यांपासून तीन महिन्यांच्या आत करतात आणि पुढे ठरावीक अंतराने करत राहतात. एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने लागतात, हे लक्षात ठेवले तर पहिल्याच अहवालाने खचून जायला होत नाही. साध्या जोडणीत शुक्राणू बहुधा तीन ते सहा महिन्यांत दिसू लागतात, अधिवृषणाच्या जोडणीत वर्षही लागू शकते. काही जणांत शुक्राणू येतात आणि नंतर व्रणामुळे वाट पुन्हा बंद होते. त्यामुळे पहिला चांगला अहवाल आल्यावर त्या नमुन्यातील शुक्राणू गोठवून ठेवण्याचा सल्ला काही तज्ज्ञ देतात. तो मला पटतो.

इक्सीचा मार्ग

इक्सी म्हणजे एका स्त्रीबीजात काचेच्या अतिसूक्ष्म सुईने एकच शुक्राणू सोडणे. या पद्धतीने झालेल्या गर्भधारणांची पहिली नोंद १९९२ मध्ये ब्रसेल्सच्या संशोधकांनी प्रसिद्ध केली आणि ज्यांच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही अशा पुरुषांनाही त्यानंतर स्वतःचे मूल होऊ लागले. नसबंदी झालेल्या पुरुषाच्या अधिवृषणातून किंवा वृषणातून जागा बधिर करून सुईने शुक्राणू काढतात. वृषणातील निर्मिती चांगली असेल तर ते जवळजवळ नेहमी मिळतात, आणि इथे नसबंदीला किती वर्षे झाली याने फारसे बिघडत नाही. "मग तेच शुक्राणू गर्भाशयात सोडता येणार नाहीत का? ते स्वस्त पडेल," असे पुष्कळ जण विचारतात. येणार नाहीत. सुईने मिळणारे शुक्राणू संख्येने फार थोडे असतात आणि त्यांची हालचाल मंद असते, त्यांना स्वतः स्त्रीबीजापर्यंत पोहोचता येत नाही.

या मार्गात पुरुषाचे काम अर्ध्या तासाचे आणि स्त्रीचे काम महिन्याभराचे असते, हे पतीने आधीच समजून घ्यावे. पत्नीला साधारण दहा ते बारा दिवस रोज संप्रेरकांची इंजेक्शने घ्यावी लागतात, मधूनमधून सोनोग्राफी करावी लागते आणि शेवटी थोडा वेळ भूल देऊन स्त्रीबीजे काढली जातात. क्वचित अंडाशये जास्त उत्तेजित होऊन पोटात पाणी साठते. पोट झपाट्याने फुगले, लघवी कमी झाली किंवा धाप लागली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. एकाहून अधिक गर्भ गर्भाशयात सोडल्यास जुळ्यांची आणि त्यासोबत मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता वाढते, म्हणून उरलेले गर्भ गोठवून एका वेळी एकच सोडण्याचा आग्रह धरणारे डॉक्टर कंजूष नसून सावध असतात. चाळिशीनंतर स्वतःच्या स्त्रीबीजांनी मिळणारे यश वेगाने घटते आणि गर्भपाताचे प्रमाण वाढते. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगणारे केंद्र निवडावे. नसबंदी झालेली होती म्हणून बाळात व्यंग येईल का, ही शंका मात्र मनातून काढून टाकावी.

केंद्र सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान अधिनियम, २०२१ खाली नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीचे प्रमाणपत्र पाहायला मागण्यात कसलाही संकोच नको. या कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० च्या दरम्यान आणि पुरुषाचे २१ ते ५५ च्या दरम्यान असावे लागते. दुसऱ्या विवाहाच्या वेळी चोपन्न वर्षांचे असलेल्या गृहस्थांनी ही मर्यादा आधी मोजावी. नस जोडणे ही केवळ शस्त्रक्रिया आहे, सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान नव्हे, त्यामुळे तिला हा कायदा लागू होत नाही. गर्भाचे लिंग निवडणे किंवा तपासणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. "दोन मुली आहेत, आता मुलगाच हवा" असे म्हणत नसबंदी उलटवायला येणारे लोक भेटतात, म्हणून हे लिहावे लागते. त्यांना यापैकी कोणत्याही मार्गाने मुलगाच मिळण्याची हमी कोणी देऊ शकत नाही, आणि देणारा भेटला तर तिथून उठून यावे.

दाता आणि दत्तक

वृषणातही शुक्राणू मिळाले नाहीत किंवा इक्सीचा खर्च झेपणारा नसेल, तर दात्याचे शुक्राणू हा पर्याय उरतो. पत्नीच्या नलिका मोकळ्या असतील तर ते थेट गर्भाशयात सोडता येतात, त्यामुळे खर्च पुष्कळ कमी होतो. शुक्राणू नोंदणीकृत बँकेतूनच घ्यावे लागतात, एका दात्याचे शुक्राणू एकाच जोडप्याला देता येतात आणि जन्मलेले मूल कायद्याने त्या जोडप्याचेच असते. घरातल्या घरात दिराचे शुक्राणू घेण्याचा सल्ला देणाऱ्या वडीलधाऱ्यांना कायदा दाखवून थांबवता येते. पुरुषाने मनापासून होकार दिलेला नसेल तर हा मार्ग घेऊ नये. सहीपुरता होकार पुढे घरात खुपत राहतो.

दत्तकासाठी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. विवाहाला किमान दोन वर्षे झालेली असावीत. दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पेक्षा जास्त नसावी, मूल मोठे असेल तशी ही मर्यादा वाढते. २०२२ च्या नियमांनुसार दोन किंवा अधिक अपत्ये असलेल्या जोडप्याचा विचार सहसा फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा ज्यांना लवकर कुटुंब मिळत नाही अशा मुलांसाठीच होतो. पहिल्या विवाहाची दोन मुले असलेल्या पुरुषाला ही अट हमखास आडवी येते आणि ती बहुधा उशिरा कळते. प्रतीक्षायादी लांब असल्यामुळे, मनात दत्तकाचा विचार असेल तर सगळे उपचार थकल्यावर नोंदणी करण्याऐवजी तज्ज्ञांशी पहिली चर्चा चालू असतानाच त्याची चौकशी करावी.

पैसा, विमा आणि निवडणूक

आरोग्य विमा या कामी येईल असे गृहीत धरू नये. वंध्यत्वावरील उपचार आणि नसबंदी उलटवण्याची शस्त्रक्रिया ही विमा पॉलिसीतील प्रमाणित वगळणुकींच्या यादीत नावानिशी आहे. एखाद्या पॉलिसीत वेगळी तरतूद असेल तर ती लेखी पाहावी. इक्सीचा खर्च सांगताना अनेक केंद्रे इंजेक्शने, शुक्राणू काढणे, गर्भ गोठवणे आणि नंतर तो सोडणे यांचे पैसे वेगळे लावतात. म्हणून एका पूर्ण फेरीचा, या सगळ्यांसह, लेखी अंदाज मागावा आणि किमान दोन फेऱ्यांची तयारी ठेवूनच सुरुवात करावी. शेत गहाण टाकून पहिलीच फेरी करणाऱ्यांना मी थांबायला सांगते. अपत्य गमावलेल्या जोडप्याने जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात आणि जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मशस्त्रक्रियेची सोय आहे का, ते आधी विचारून पाहावे.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट दवाखान्याबाहेरची आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे अपत्यसंख्या दोनाहून अधिक झाली, तर ती व्यक्ती ग्रामपंचायतीची निवडणूक लढवण्यास अपात्र ठरते, आणि अशीच अट इतर स्थानिक स्वराज्य संस्थांतही आहे. शासकीय नोकरीसाठी लहान कुटुंबाच्या प्रतिज्ञापनाचे २००५ चे नियम आहेत. पुरुषाच्या मोजणीत पहिल्या विवाहातील अपत्येही येतात. सदस्यपद किंवा नोकरी पणाला लागत असेल तर वकिलाचा सल्ला आधी घ्यावा, प्रसूतीच्या खोलीबाहेर उभे राहून घेऊ नये.

पहिल्या भेटीला जाताना नसबंदीचे प्रमाणपत्र, पूर्वीच्या सर्व शस्त्रक्रियांची कागदपत्रे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या, पत्नीच्या शेवटच्या तीन पाळ्यांच्या तारखा आणि दोघांची आधार कार्डे सोबत ठेवावीत. प्रमाणपत्र हरवले असेल तर अडत नाही, वर्ष आठवत असले तरी पुरते. आणि ज्यांनी नस जोडून घेतली त्यांनी बाळ घरी आल्यावर एक गोष्ट विसरू नये. आता वाट उघडी आहे, त्यामुळे पुढचे मूल नको असेल तर निरोध, तांबी किंवा दुसरे एखादे साधन बाळंतपणानंतरच्या पहिल्या तपासणीतच डॉक्टरांना विचारून ठरवावे. इक्सीने मूल झालेल्यांची नसबंदी जशीच्या तशी असते, त्यांना ही चिंता नाही.